नवंकोरं जाकीट

“समजा, लाँच बुडतेय. घाला जाकीट,” घड्याळाकडे बघत तपासणी अधिकारी म्हणाले.

चैताली निर्धास्त होती. तपासणीत नापास झाली, तर परवाना अडून वडिलांची लाँच उद्यापासून बंदरातच बांधलेली राहणार होती; पण नापास होईलच कशी? ती भौतिकशास्त्राची पदवीधर. कुठलं जाकीट किती वजन तरंगवेल, याचं गणित तिने स्वतः मांडलं होतं. खाऱ्या हवेने खराब होऊ नयेत, म्हणून एकही जाकीट प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढलं नव्हतं, इतकंच.

पिशवी फाटेना. नखं लावून झाली, दात लावून झाले.

“अगो बाय, बुडताना आधी कातर शोधशील काय?” मासळीची पाटी घेऊन बसलेली मावशी म्हणाली. सुकाणूजवळ उभ्या बाबांसकट सगळी लाँच हसली. कानापर्यंत लाल झालेली चैतालीही हसली.

“दुपारी परत येतो. तोवर सगळी जाकिटं मोकळी करा,” अधिकारी म्हणाले.

मावशीच्या कोयत्याने बापलेकींनी एकेक पिशवी फाडली. दुपारी परवाना हातात पडला. चैतालीने तो दोनदा वाचला, फुंकर मारून धूळ उडवली.

“बाबा, खाऱ्या हवेने खराब होईल हो. आधी प्लास्टिकमध्ये घालून आणते.”

मावशीने कोयता पुढे केला.