वैष्णोदेवीचं नाणं

"नंबर बंद शे, काका," रिम्शाने फोन कानावरून खाली घेतला. "मेसेज बी जात नही."

दोधू काउंटरला हात टेकून उभा राहिला. नवापूरच्या बसस्टँडसमोर रिम्शाचं झेरॉक्सचं दुकान होतं. लोकांचे अर्ज भरून देणं, कुणाचे पैसे पाठवणं ही तिची कामं. दोधूकडे साधा बटणांचा फोन, म्हणून गेला महिनाभर त्याचा सारा व्यवहार तिच्याच फोनवरून चालला होता.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "काका, हाई खरं वाटत नही माले."

"चौतीस वरीस नाणा मोजात मी," दोधू तेव्हा चिडून बोलला होता. "तू माले शिकाडू नको."

आज तिने त्याची आठवणही काढली नाही. नुसतं स्टूल पुढे सरकवून म्हणाली, "बसा, पाणी देऊ का?" दोधूला ते जास्त लागलं. तो न बसता बाहेर पडला.

चौतीस वर्षं तो एस.टी.त कंडक्टर होता. तिकिटाच्या बॅगेत वेगळं नाणं पडलं की खिशातलं साधं नाणं आत टाकून तो ते काढून घ्यायचा. त्याच्या पत्र्याच्या डब्यात नेहरूंचा चौसष्ट सालचा रुपया होता. अक्कलकुव्याच्या गाडीत एका म्हातारीने तो पदराची गाठ सोडून दिला होता. एशियाडचं दोन रुपयांचं नाणं होतं, ज्ञानेश्वरांचा रुपया होता. कोणतं नाणं कुठल्या साली, कशासाठी निघालं, हे तो रांगेतल्या माणसालाही थांबवून सांगायचा.

आणि त्याला हेही पक्कं ठाऊक होतं की असली नाणी टांकसाळीने ढिगाने पाडलेली असतात. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्याला शौकीन माणूस फार तर दहा-वीस रुपये जास्त देतो.

तरी चहाच्या टपरीवर कुणाच्या तरी मोबाइलवर त्याने ती जाहिरात पाहिली. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या, दहा लाख घ्या. तसलं नाणं डब्यात होतं. त्याच आठवड्यात त्याच्या बायकोच्या, निर्मलाबाईंच्या पोटात पित्ताच्या खड्यांची कळ उठली होती, आणि सुरतेत नोकरीला असलेला मुलगा नवनीत दिवाळीला त्या डब्याला भंगार म्हणून गेला होता. पोराला एकदा दाखवून द्यावं, असं दोधूच्या मनाने घेतलं.

"मन्हं नाव नको लिखू," त्याने रिम्शाला बजावलं होतं. सारा स्टँड त्याला ओळखत होता. "करणसिंग लिख."

समोरचा माणूस फोनवर बोलत नसे, नुसतं लिहायचा. पण लिहिणं मोठं आदबीचं. आधी नोंदणीचे एकवीसशे गेले, मग टॅक्सचे चौदा हजार. विम्याचे पंचवीस हजार मागितले तेव्हा दोधू पैसे देण्याआधी थांबला. त्याने रिम्शाला त्या माणसाला लिहायला सांगितलं, 'हे बायकोच्या ऑपरेशनचे पैसे आहेत. फसवणार नाही ना?'

दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं. 'काका, विश्वास ठेवा. उद्या रक्कम तुमच्या खात्यात येईल.'

दोधूने पंचवीस हजार पाठवले.

नंबर बंद झाल्याचं कळून तो दुकानातून घरी आला, तेव्हा निर्मलाबाई भाजी निवडत बसल्या होत्या. एक हात कुशीवर दाबलेला.

"चिंचपाडाना दवाखानामा कव्हय बलायेल शे?" त्यांनी ऑपरेशनची तारीख विचारली.

"डॉक्टर सुटीवर शे," दोधू म्हणाला. जेवायला बसला तरी मान वर झाली नाही.

"नवनीतनी आठ हजार धाडात. बोनस भेटना म्हणे. मायना ऑपरेशनले ऱ्हाऊ दे म्हणे." त्यांच्या आवाजात पोराचं कौतुक मावत नव्हतं.

दोधू ताटावरून उठला. पुढचे आठ दिवस तो स्टँडकडे फिरकला नाही. बायको कळ सोसत ओठ दाबायची तेव्हा तो अंगणात जायचा आणि उगाच झाडत बसायचा. ती झाडू हातातून घ्यायला आली तरी त्याला तिच्याकडे बघवत नसे.

रविवारी सकाळच्या गाडीने नवनीत आला. आईसाठी खमण आणलं, नवी शाल आणली. दुपारी निर्मलाबाई जरा आडव्या झाल्या तेव्हा दोधूने त्याला मागच्या अंगणात नेलं.

"मन्हाकडून चूक व्हयनी, पोऱ्या," तो म्हणाला, आणि मग थांबला नाही. जाहिरात, नोंदणी, टॅक्स, विमा, खोटं नाव, सगळं सांगितलं. नवनीत रागावेल, निदान एकदा तरी 'भंगार' म्हणेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती.

नवनीतने फक्त विचारलं, "फोन कोना व्हता?"

"रिम्शाना. झेरॉक्सवाली."

नवनीत कपडे धुण्याच्या दगडावर बसला. त्याचा चेहरा उतरला होता. आपण पोराला एवढं खाली पाहायला लावलं, या विचाराने दोधूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुन्हा मायले तूच सांग," तो म्हणाला. "मन्हाकडून व्हत नही. आन उद्या पोलीस स्टेशनले चाल मन्हासंगे. तक्रार तू लिखी दे. तू त्या कॉम्प्युटरना ऑफिसमा शे, तुले समजस हाई."

नवनीतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आबा," तो म्हणाला, "समोर तुम्ही शेतस, हाई माले माहीत नव्हतं."