दोन माणसांची फेरी

"दुसरं माणूस कुठाय, अप्पा?" नावेचा दोर हातात धरूनच खाजामियाँनी विचारलं.

"चला, निघू आपण," वीरभद्र म्हणाला.

फोनवर त्याने दोघांची फेरी सांगितली होती. सूर्य मावळतानाची, सोबत तिसरं कुणी नको. आता जीपमधून तो एकटाच उतरला. चाळिशीचा माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. उदगीरला भांड्यांचं दुकान आहे, एवढंच त्याने सांगितलं.

खाजामियाँनी त्याला लाइफ जॅकेट दिलं. त्याने आणखी एक मागून घेतलं आणि शेजारच्या फळीवर ठेवलं.

लोहा गावाच्या पुढे असलेल्या या धरणावर शिडाची नाव एकच होती. खाजामियाँ बारा वर्षं मुंबईत शिडाच्या बोटी चालवून गावी परतले होते. त्यांच्या नावेत साखरपुडा झालेली पोरं-पोरी यायची, लग्नाचा वाढदिवस असलेली जोडपी यायची, फोटो काढून जायची. एकटा माणूस पहिलाच.

वारा चांगला होता. शीड भरलं, काठ मागे पडला. वीरभद्र उजव्या बाजूला बसला होता, पण नाव डावीकडे किंचित कलली होती. खाजामियाँनी सुकाणू सरळ केलं, दोर तपासले. सगळं जागच्या जागी होतं.

"थंडी वाजते का?" वीरभद्रने विचारलं.

"मला? न्हाई बा."

वीरभद्र शेजारच्या जॅकेटचे बंद सारखे करत बसला.

पाण्यात एक वाळलेली बाभूळ उभी होती, धरण भरलं तेव्हाची. तिच्याजवळ आल्यावर त्याने हात वर केला. "इथं थांबवा."

खाजामियाँनी शीड उतरवलं. सूर्य पलीकडच्या टेकडीला टेकला होता. वारा एकदम पडला आणि पाणी तेलासारखं दिसू लागलं.

"इथंच गेली ती," वीरभद्र म्हणाला. "माझी मंडळी. वर्षाराणी. चार वर्षं झाली. मासेवाल्याच्या होडीत बसलो होतो, ती उलटली. मला पोहता येतं, तिला येत न्हवतं. हात सुटला."

खाजामियाँनी वल्हं हातात घेऊन नाव बाभळीजवळ स्थिर धरली.

"सुटला न्हाई. सोडला मी. लई घट्ट धरलं होतं तिनं."

"या अल्ला," खाजामियाँ पुटपुटले. मग म्हणाले, "दोघंबी गेले असते, अप्पा. तुमचा काय गुन्हा?"

"हे तिला कोन सांगनार? जेवताना, दुकानात, रात्री झोपल्यावर. एक घडी एकटं सोडत न्हाई मला."

"हाव. माझी माय गेली तवा माझंबी असंच झालं होतं. आठवण हाय, जाते हळूहळू."

वीरभद्रने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने जॅकेट काढलं, नावेच्या काठावर बसला आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.

वल्हं खाली ठेवून खाजामियाँ हळूच पुढे सरकले. घाईने धरायला जावं तर माणूस उडी टाकेल. आवाज चढवून उपयोग नव्हता.

"अप्पा, पाय वर घ्या."

"थकलो मी, खाजामियाँ. आज इथंच संपवतो."

"असं न्हाई म्हनायचं. घरी कोन हाय?"

"म्हातारी हाय."

"मग तिचं काय? ऐका माझं. माझं घर तिथं काठावरच हाय, ते मशिदीच्या मागं. माझी बायको गौसिया चांगला चहा करते. आमची पोरगी मनतशा हाय, चार वर्षांची, लई बडबडी. घटकाभर बसा. दिल हलका होईल. चला."

"आम्ही दोघं?"

खाजामियाँनी फळीवरच्या दुसऱ्या जॅकेटकडे पाहिलं. पण माणूस बोलत होता, आणि बोलतोय तोवर जिवंत होता.

"दोघं. वैनीलाबी घेऊन."

"मग तिला बोलवा की," वीरभद्र हळू आवाजात म्हणाला. "माझ्या म्हनन्यावर ती कुठं जात न्हाई. तुम्ही नाव घेऊन बोलवा. मला लई बरं वाटेल."

दुःखी माणसाचं मन राखायला दोन शब्द बोलावे लागले तर त्यात काय वाईट? खाजामियाँ रिकाम्या फळीकडे वळले, छातीवर हात ठेवला आणि मनापासून म्हणाले, "वर्षाराणी वैनी, चला आमच्या घरी. तुमचंच घर समजा."

पाण्यावर कुठेतरी एक बुडबुडा फुटला. मासा असेल.

वीरभद्रने पाय वर घेतले. तो रडत होता. लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून, आवाज न करता. खाजामियाँनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला मधल्या फळीवर बसवलं आणि वल्हं मारायला सुरुवात केली. नाव आता हलकी चालत होती. अर्ध्या वेळात काठ आला.

"चला, अप्पा. घर जवळच हाय."

"न्हाई, मी निघतो. म्हातारी वाट पाहत असेल." वीरभद्रने त्यांचे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले. "माफ करा, खाजामियाँ."

"माफी कशाची? जीव वाचला, शुकर हाय."

तो जीपकडे चालत नव्हता, पळत होता. एकदाही मागे वळून न बघता गेला.

खाजामियाँनी नाव खुंटाला बांधली. अंग थकलं होतं, पण मन भरून आलं होतं. आज एक माणूस वाचला. गौसियाला सांगायला हवं. तेवढ्यात तिचाच फोन आला.

"निघालात का?"

"हाव, आलोच. ऐक, आज काय झालं..."

"ते घरी येऊन सांगा. आधी लवकर या," गौसिया आवाज दाबून म्हणाली. "तुम्ही पाठवलेली बाई येऊन बसली हाय. पायापासून डोक्यापर्यंत भिजलेली. मी टॉवेल दिला तर घेईना. आल्यापासून मनतशाला मांडीवर घेऊन बसली हाय, पोरगी रडून राहिली तरी खाली उतरू देत न्हाई. म्हनते, हे आता माझंच घर."