चिकाटिन

मशीनवर लाल दिवा लागला आणि रेश्मा तांबोळीने बोटावरचा कापूस घट्ट दाबला.

"रक्तात चिकाटिन नाही," निवड समितीचे अध्यक्ष घोरपडे म्हणाले. "संशोधनात तुमचा निभाव लागणार नाही. दुसरं क्षेत्र बघा."

"सर, माझे प्रयोग तरी बघा!"

"काय बघायचे? हे प्रोटीन नसलेली माणसं काम अर्ध्यावर टाकतात. ते शोधणाऱ्या केंकरे मॅडम इथेच बसल्यात, त्यांना विचारा."

केंकरेबाईंची उमेदीची सगळी वर्षं त्या एका प्रोटीनमागे गेली होती. प्रयोग फसले, सहकारी कंटाळून निघून गेले, तरी बाई पुन्हा परीक्षानळ्या धुवायला घ्यायच्या. चाचणी सक्तीची झाली ती त्या निवृत्त झाल्यावर. त्यामुळे त्यांचं स्वतःचं रक्त कधी कुणी तपासलंच नव्हतं.

त्या उठल्या. मशीनपाशी जाऊन त्यांनी बोट पुढे केलं.

"मॅडम, तुम्हाला कशाला?" घोरपडे हसले.

सुई टोचली. लाल दिवा लागला.

घोरपड्यांचं हसू मावळलं. "मशीन... मशीन बिघडलेलं दिसतंय."

"मग हिच्या वेळीही बिघडलेलंच होतं," केंकरेबाई म्हणाल्या आणि त्यांनी मशीनची वायर उपटली. "रेश्मा, चल. अ‍ॅप्रन घाल."