स्पीकरखालचं रबर

किल्लारीच्या भूकंपात घर गेलं आणि आम्ही लातूरला आलो. बारावीला माझे क्लास सुरू झाले, त्याच वर्षी अब्बा स्पीकरखाली कधी जाड रबर घालायला लागले, कधी ग्रॅनाइटची लादी. “यानं आवाज सुधारतो, सालेहा,” म्हणायचे. माझा अभ्यास कसा चाललाय, हे कधी विचारलं नाही. त्या दोन खोक्यांचा मला फार हेवा वाटायचा.

अब्बा गेल्यावर मी ते स्पीकर विकायला नेले. दुकानदार रियाजचाचा रबर बघून हसले. “किती सांगितलं त्यांना, यानं आवाजात काही फरक पडत न्हाई.”

“मग का घेत राहिले?”



“म्हणायचे, आवाजाचं राहू द्या हो. फरशी थरथरली की आमची पोरगी वाचता वाचता दाराकडं बघती.”