सरांचे धुतलेले हात

"हात धुतलेस का?" आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे दाखवणाऱ्या जेलच्या फोटोत एकाऐवजी दोन पट्टे दिसताच घारपुरे सरांनी शर्वरीला विचारलं. बोटांच्या मळाने आरएनए कसा तुटतो, यावर सर एकदा सुरू झाले की शिपाई चहा घेऊन येईपर्यंत थांबत नसत. आज वरून बजावलंही, "शनिवारपर्यंत अखंड आरएनए दाखव, नाहीतर पीएचडीचा विषय बदल."

म्हणजे चार वर्षं पाण्यात!

"सर, जनुक वाचून बनणारा हा आरएनए ठरलेल्या जागी आपला आपण तुटतो. म्हणून तर पेशीत जनुकाचं वाचन थांबतं."

"उद्या म्हणशील, चहाही आपला आपण गाळला जातो!"

शर्वरी हट्टाला पेटली. शनिवारी तिने सरांपुढे दोन नळ्या ठेवल्या. पहिलीत मूळ जनुक होतं; दुसरीतल्या जनुकात तुटण्याच्या जागेवरचं एकच अक्षर तिने बदललं होतं. "आज दोन्हींचा आरएनए तुमच्या हातांनी बनवा, सर."

आता सरांचे हात म्हणजे असे, की त्यांना लागून साबण स्वच्छ व्हायचा. तरी सरांनी ते तीनदा धुतले.

दुपारी फोटो आला. दुसऱ्या नळीतला आरएनए अखंड होता आणि पहिल्या नळीतल्याचे दोन तुकडे.

"सर, हात धुतले होते ना?"

सरांनी फोटो जवळ ओढला. "आणि हे बदललेलं अक्षर जिवंत पेशीत घातलं तर?"

"घातलंय, सर. वाचन थांबतच नाही. थेट शेजारच्या जनुकात घुसतं."

"अगदी माझ्यासारखं! विषय हाच ठेव," सर म्हणाले आणि चहा यायच्या आत, आयुष्यात पहिल्यांदाच, आपण होऊन थांबले.