जिन्यातला प्रसंग

कॅमेऱ्याशेजारच्या छोट्या पडद्यावर ती मुलगी त्या माणसाचा हात धरून जिना उतरू लागली आणि आई खुर्चीतून उठली.

"असं नाही."

दिग्दर्शकाने शॉट थांबवला. खिडक्यांना काळं कापड ठोकून भर दुपारी रात्र केलेली होती. सहा मुली मारणाऱ्या एका खऱ्या माणसावरची ही मालिका, आणि त्यांतली एक मुलगी हिची. आई हो म्हणेल तेव्हाच हा प्रसंग दाखवायचा, असं ठरलेलं होतं.

"काय झालं, काकू?"

"माझी पोर परक्याचा हात धरणारी नव्हती. अहो, रस्ता ओलांडताना माझासुद्धा झिडकारायची. म्हणायची, आई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"आम्ही पदरचं काही घातलेलं नाही. कोर्टातल्या जबाबात आहे. दिवे गेले होते, ती आपण होऊन त्याच्याबरोबर उतरली."

"जबाब कुणाचा?"

दिग्दर्शक हातातले कागद चाळू लागला.

"त्याचाच ना? तो बोलला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकी वर्षं ऐकतेय मी, 'गेलीच कशी?' आता तुम्ही घरोघर दाखवा."

शिडीवरचा दिवेवाला पुटपुटला, "अशानं खुनी म्हातारा होईल, पण जिना काही उतरायचा नाही." कुणीतरी खुसकन हसलं. दिग्दर्शकाने डोळे वटारले.

"बरं काकू, हात न धरता घेतो. खाली चहा घ्या तोवर."

मनासारखं झालं होतं. पदर सावरत ती निघाली. दोन पायऱ्या उतरली तोच वरचे दिवे विझले. मिट्ट काळोख. पायाखाली वायरींचं जाळं. ती कठडा चाचपू लागली, पण हाताला नुसतं कापड लागत होतं.

"आई, थांबा. पडाल. हात द्या इकडे."

आवाज मऊ होता, घरातल्या मुलासारखा. तिने हात पुढे केला.

"हं, सावकाश. आता वळण आहे. घाई नाही आपल्याला."

सगळा भार त्याच्या हातावर टाकून ती उतरली. खाली आल्यावर त्याने दार ढकललं आणि ऊन आत आलं. करडा स्वेटर, बारीक मिशी. मघाशी पडद्यावर होता तोच.

"बसा, चहा सांगतो," नट म्हणाला.

ती बसली नाही. वरून दिग्दर्शकाची हाक आली, "काकू, हात न धरताच घेतोय हं! पक्कं ना?"

तिचा हात अजून त्याच्या हातात होता. ती त्याकडे बघत राहिली.

"नको," ती म्हणाली. "धरू दे तिला. पायरी दिसत नाही तिथं."