अपुरा डोंगर

मुलाखत संपायच्या आत खाणीचा भोंगा वाजू नये, एवढंच वैजयंताला वाटत होतं. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ती पाटावर बसली होती. पडद्यावर डोंगराळ जंगलातल्या एका कलाकेंद्राच्या परीक्षक बाई होत्या. निवड झाली, तर सगळा हिवाळा तिथं राहून नुसती चित्रं काढायची.

"निरीक्षण कच्चं आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "सगळ्या चित्रांत एकच डोंगर, पण प्रत्येकात उंची वेगळी. हे झाड एका चित्रात आहे, दुसऱ्यात गायब. आणि एकही चित्र पुरं नाही. एवढी कसली घाई असते?"

वैजयंता सांगायला गेली. तेवढ्यात भोंगा वाजलाच. आता सुरुंग उडणार म्हणून आईनं सवयीनं मांडणीवरची भांडी दोन्ही हातांनी धरली.

वैजयंतानं मोबाईल उचलला आणि खिडकीबाहेर धरला. धाडकन आवाज झाला. कालच तिनं रंगवायला घेतलेली डोंगराची सोंड ढासळली आणि धुरळ्यात नाहीशी झाली.

धुरळा खाली बसला. मग बाईंनी घसा खाकरला. "तुम्हाला... आम्हाला काही विचारायचंय?"

"एकच," ती म्हणाली. "तुमच्याकडचा डोंगर चित्र पुरं होईपर्यंत जागेवर राहतो ना?"